एक भाकरी करपवणे

बाईंनी पहिल्या भेटीत मला दारातूनच परत पाठवलं होतं, तेही सामानासकट.

आईला स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या त्या घरात ठेवायचं ठरलं, तेव्हा मी आणि बायकोनं नाशिकच्या मेन रोडला दोन दिवस खरेदी केली. नवी गादी, नव्या चादरी, चार गाऊन, स्टीलचं नवं ताट-वाटी-पेला आणि त्यावर मशीननं घालून घेतलेलं आईचं नाव. मुलीला पुण्याच्या वसतिगृहात सोडताना केलेली यादीच थोडीफार फिरवून वापरली. मी सिन्नरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. यादीवर बरोबरच्या खुणा झाल्या की आम्हा लोकांना आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटतं. शिवाय मनातून अपराधी वाटत होतं, आणि अशा वेळी माणूस दुकानात बरा रमतो.

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधे तो दुमजली बंगला होता. मी गाडीची डिकी उघडली तेवढ्यात पायऱ्या उतरून बाई आल्या. ठेंगण्या, सावळ्या, साठी ओलांडलेल्या, अंगावर सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी डिकीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे सामान कोणाचं?"

"आईचं," मी म्हणालो.

"त्यांना ओळखू येईल का ते?"

मागच्या सीटवर आई खिडकीला नाक लावून द्राक्षांचे मांडव बघत होती.

"जुनं आणा," बाई म्हणाल्या. "त्यांना इथं आम्ही सगळ्या नव्या आहोत. तेवढं नवं पुष्कळ झालं."

मग त्यांनी आईला खाली उतरवून घेतलं, ओट्यावर बसवून चहा दिला, अर्धा तास तिच्याशी शेतीवाडीच्या गप्पा मारल्या आणि आम्हाला परत गाडीत बसवून घरी धाडलं. वाटेत आई म्हणाली, बाई चांगली होती, पण बूट कोणाचे घातले होते कोण जाणे.

बाईंचं नाव मी सांगत नाही. तिथंही त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. मॅडम म्हटलं की त्यांना ऐकू यायचं नाही. पेठकडच्या डोंगरात एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर सिन्नरला भाचीकडे राहायला गेल्या आणि महिन्याभरात भाचीच्या घराला वेळापत्रक लावून बसल्या. मग भाचीनंच ओळखी काढून त्यांना या कामाला लावलं, असं त्या स्वतः हसत सांगायच्या. घराचे मालक एक डॉक्टर होते. औषधपाणी ते बघायचे. बाकीचं, म्हणजे कोणी कुठं बसायचं, कोणाला कोणी न्हाऊ घालायचं, कोणाच्या चहात साखर किती, हे सगळं बाईंकडे. डॉक्टर कधी मधे पडले तर त्या म्हणायच्या, तुम्ही त्यांचा बीपी बघा, मी त्यांचा दिवस बघते.

आश्रमशाळेत शिकलेलं त्यांनी इथं जसंच्या तसं लावलं होतं. नव्या पोरी पहिले पंधरा दिवस रडतात आणि संधी मिळाली की घराच्या वाटेला लागतात, तसंच या माणसांचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिथल्या मावश्यांची माणसं बदलत नसत. एकेका मावशीकडे चारजण, तेच चार, वर्षभर. हात ओळखीचा झाला की तोंड ओळखू आलं नाही तरी चालतं, असं बाईंना वाटायचं. खोल्यांच्या दारांवर नंबर होते, पण ते भेटायला येणाऱ्यांसाठी. राहणाऱ्यांसाठी दारावर ज्याची त्याची एक वस्तू टांगलेली असे. एका ड्रायव्हरच्या दारावर त्याची खाकी टोपी, शिवणकाम करून संसार केलेल्या एका आजींच्या दारावर मापाची टेप. आईसाठी बाईंनी धान्य पाखडायचं सूप मागितलं. मी भद्रकालीच्या बाजारातून नवं कोरं सूप घेऊन गेलो. ते परत आलं. शेवटी धाकट्या भावानं चांदवडहून आईचं जुनं, कागदाच्या लगद्यानं लिंपलेलं, एका कडेला उंदरानं कुरतडलेलं सूप पाठवलं, तेव्हा आई आपणहून त्या खोलीत शिरली.

पाच वाजले की तिथली माणसं अस्वस्थ व्हायची. घरी जायचंय, गाडी चुकेल, पोरं शाळेतून आली असतील, अशी गडबड सुरू व्हायची. बाई त्याच्या आधीच पडदे ओढून दिवे लावायच्या आणि चटईवर लसूण, मेथी, शेंगा ओतायच्या. मी एकदा मोठ्या शहाणपणानं सुचवलं, की मूग आणि मटकी एकत्र करून निवडायला द्या, रोज तीच पुन्हा मिसळता येईल. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. "खोटं काम दिलेलं कळतं त्यांना," त्या म्हणाल्या. "बाकी काही कळलं नाही तरी ते कळतं." तो लसूण दुसऱ्या दिवशी खरोखर फोडणीत पडायचा, आणि आमटी वाढताना तो कोणी सोलला ते बाई मोठ्यानं सांगायच्या.

खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायची घाई करायची नाही, हा नियम मावश्यांना पाठ होता. तिथं एक निवृत्त तलाठी होते. ते रोज चार वाजता दप्तर काखेत मारून पेठला निघायचे, कसला तरी पंचनामा राहून गेला होता म्हणे. त्यांना कोणी अडवायचं नाही. बाई बुटांच्या नाड्या आवळायच्या, पाण्याची बाटली घ्यायच्या आणि बरोबर निघायच्या. तलाठी पावलांनी बांध मोजायचे, बाई आकडे लिहून घ्यायच्या. ते थकले की बाई म्हणायच्या, चहा घेऊ आणि मग बघू, आणि चहा बंगल्यावर असायचा. एकदा तलाठी काही केल्या थकेनात. दोघं चालत पेठ रोडला लागले आणि कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोबीच्या ढिगावर बसून दिवेलागणीला परत आले. बाईंच्या हातात पंचनाम्याचा कागद होता, खाली तलाठ्यांची सही. तो त्यांनी रीतसर फाईलला लावला.

आईला घेऊन मी दुसऱ्यांदा गेलो, या वेळी जुन्या सामानासकट, तेव्हा बाईंनी मला टेबलासमोर बसवलं आणि शाळेची शंभर पानी वही काढली. खाकी कव्हर, वर लेबल. औषधांची फाईल नर्सकडे वेगळी असायची, ही माणसाची वही. लेबलवर नाव, इयत्ता, तुकडी असं छापलेलं होतं. इयत्तेपुढे बाई त्या माणसाचं मनातलं वय लिहायच्या, म्हणजे तो स्वतःला आज किती वर्षांचा समजतो ते. आणि ते पेन्सिलीनं, कारण ते खाली येत राहतं. आईच्या लेबलवर त्यांनी पस्तीस लिहिलं. ओट्यावरच्या त्या अर्ध्या तासात त्यांना ते कळलं होतं. आईचं खरं वय एकोणऐंशी होतं.

मग अडीच तास प्रश्न. आई रागावली की काय करते, कोणत्या कुशीवर झोपते, अंघोळीला पहिला तांब्या पायावर घेते की खांद्यावर, कशाला भिते, शेजारीण कोण होती आणि तिच्याशी भांडण कशावरून. मला निम्मी उत्तरं येत नव्हती, तरी मी ठोकून देत होतो. जेवणाच्या प्रश्नाला मात्र मी खात्रीनं बोललो. आई साडेबाराला जेवते, तिचे जेवणाचे काही नखरे नाहीत, काहीही वाढा. बाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

आणि आई तिथं जेवेना.

साडेबाराला हॉलमध्ये टेबलं लागायची. अठरा माणसं बसायची, मावश्या वाढायच्या. आई ताटाकडे बघायची आणि ते शेजारणीकडे सरकवायची. तुम्ही घ्या, मला काय घाई नाय, असं म्हणायची. भरवायला गेलं की ओठ मिटून मान फिरवायची. चहा-बिस्किट तेवढं घ्यायची. पंधरा दिवसांत दंडावरची कातडी लोंबायला लागली. पेज झाली, खीर झाली, गूळ-तूप झालं, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले, या आजारात भूक लागल्याचंही कळेनासं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. बाईंनी त्यांच्याकडून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. चांदवडहून भावाचा फोन आला, की तुला जमत नसेल तर मी नेतो तिला, लोकाच्या दारात आई उपाशी ठेवायची नाय. त्याच्या घरी दिवसभर शेतात माणसं, आई एकटी विहिरीकडे गेली तर बघायला कोणी नाही, म्हणून तर ती माझ्याकडे आली होती. पण त्याला मी काय सांगणार. मला स्वतःलाच वाटत होतं की आई आम्हाला शिक्षा करतेय आणि ती रास्त आहे.

शुक्रवारी बाईंनी मला बोलावून घेतलं. समोर वही उघडी होती. पेरूची फोड मिठात बुडवत त्यांनी विचारलं, "तुम्ही आईला जेवताना पाहिलंय का कधी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. आई भाकरी थापताना मला दिसत होती. तवा उतरवताना दिसत होती, कांदा काढणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा मजूर बायकांना वाढताना, आम्हा भावांना आग्रह करताना दिसत होती. नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये, तुम्ही बसा, मी मागून घेते, असं म्हणताना दिसत होती, आणि आम्ही ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. घास तोंडात घालताना आई मला कुठंच दिसेना. पंचावन्न वर्षांचा मुलगा मी. मी म्हणालो, "नाही."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. मी ती समोरून, उलटी वाचली. "मुलाला माहीत नाही." मला ते लागलं, फार लागलं. पण खोडा म्हणायला तोंड नव्हतं.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "दोनशे पोरी जेवल्याशिवाय मी तीस वर्षं जेवले नाही. मलाही कोणी जेवताना पाहिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेलो. साडेबाराला टेबलं लागली, माणसं बसली, मला पण बसवलं, आणि बाईंनी आमटीची पळी आईच्या हातात दिली. मावशीनं पातेलं धरलं. आईनं पदर खोचला, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पहिल्या ताटापासून वाढायला लागली. थोडी आमटी टेबलावर सांडली. तलाठ्यांना दोनदा वाढलं गेलं. पावणं, लाजू नका, असं ती एकेकाला म्हणत होती. मलाही म्हणाली. सगळ्यांचं आटोपल्यावर ती टेबलाशी बसलीच नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बाईंनी दोन पाट मागवले. एक तिला दिला, एकावर बूट काढून स्वतः बसल्या. आईनं हॉलकडे वळून पाहिलं, आता कोणी राहिलं नाही याची खात्री करून घेतली आणि घास घेतला. नळी टळली.

तरी तिचं पोट भरत नव्हतं. अर्धी भाकरी खायची आणि थांबायची. मग टोपल्यातल्या भाकऱ्या एकेक करून उचलायची, खाली काय आहे ते बघायची आणि परत ठेवून द्यायची. काहीतरी शोधत होती, पण काय ते कोणाला कळेना. स्वयंपाकाच्या यमुनाबाई दिंडोरीकडच्या. भाकरीला त्यांचा हात असा, की एकूण एक भाकरी टम्म फुगायची. याच्यापेक्षा चांगली भाकरी कुठून आणायची, म्हणून त्या दोन दिवस रुसून होत्या.

पुढच्या आठवड्यात यमुनाबाई भाच्याच्या लग्नाला गेल्या आणि स्वयंपाक बाईंनी केला. इथं सांगायला हवं, की बाईंना जगातली सगळी कामं येत होती, एक स्वयंपाक सोडून. तव्यासमोर त्यांना धीर धरवत नसे. भाकरी टाकायची आणि तेवढ्यात कोणाची तरी वही बघून यायचं, अशी त्यांची रीत. त्या दिवशी सतरा माणसांनी भाकरी बाजूला सारली. तलाठ्यांनी लेखी तक्रार दिली. आईनं मात्र टोपल्यातली सगळ्यात काळी भाकरी शोधून काढली, आमटीत कुस्करली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. वर पाणी पिऊन ढेकर दिला.

चुलीवर एखादी भाकरी करपतेच. ती कोणाच्या ताटात वाढायची नाही आणि टाकायची तर मुळीच नाही. ती आईची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आईचीच होती. यमुनाबाईंच्या टोपल्यात आईच्या वाटणीची भाकरीच नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडचा घास आपण खातोय, असं वाटून ती अर्ध्यावर थांबत असणार. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी बंगल्याच्या मागे जाऊन द्राक्षांच्या मांडवाखाली उभा राहिलो. जरा वेळानं बाईंनी चहा तिथंच पाठवला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता होता. खोली दोन, मीठ कमी. खोली सात, साखर नाही. त्यात दुसऱ्या दिवशी बाईंच्या ठसठशीत अक्षरात नवी ओळ आली. खोली चार, एक भाकरी करपवणे. डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि आईच्या वजनाचे आकडे बघून ती तशीच राहू दिली. बंड केलं ते यमुनाबाईंनी. माझ्या हातची भाकर करपत नाय, असं त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं, आणि करपवली तर सासू वरून बघेल. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही, पण ऐन वेळी हात आपसूक पुढं व्हायचा आणि भाकरी उलटली जायची. शेवटी रोज बारा वाजता बाई स्वयंपाकघरात यायच्या, तव्यावर एक भाकरी टाकायच्या आणि तलाठ्यांची वही बघायला निघून जायच्या. इतकी वर्षं नोकरी केली पण अंगच्या गुणाला वाव इथंच मिळाला, असं त्या म्हणायच्या.

भाऊ महिन्याभरानं आला, न सांगता, खांद्यावर कांद्याची गोणी घेऊन आणि नेमका जेवणाच्या वेळेला. मी तिथंच होतो. त्याला दिसलं ते असं, की बाकीच्यांची उष्टी ताटं उचलली गेलीत, आई स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसलीय आणि तिच्या ताटात काळी भाकरी आहे. तेवढ्यात त्यानं भिंतीवरचा तक्ताही वाचला.

"दादा," तो मला म्हणाला, "सगळ्यांच्या मागून खाली बसवून आईला जळकी भाकर देतात हे, अन् तू बघत बसला?"

त्यानं गोणी तिथंच टाकली आणि आईचं सामान भर म्हणाला, गाडी बाहेर उभी होती. त्याचं काही चुकत नव्हतं. महिन्यापूर्वी मीही तेच बोललो असतो. आवाजानं आई घाबरली आणि हातातला घास तिनं ताटात परत ठेवला. ती त्याच्याबरोबर गेली असती तर पुन्हा विहीर, पुन्हा एकटी दुपार, हे मला दिसत होतं.

बाई पाटावरून उठल्या नाहीत. त्यांनी त्याला समजावलंही नाही. आईला एवढंच म्हणाल्या, "पावणे आलेत. उपाशी आहेत."

आई लगेच उठली. पदर खोचून तिनं भावाला हाताला धरून टेबलाशी बसवलं, टोपल्यातली सगळ्यात फुगलेली भाकरी त्याच्या ताटात ठेवली आणि शेजारी उभी राहिली. आई उभी असताना त्याला उठता येईना. कसाबसा जेवला. मग ती आपल्या पाटावर गेली. बाईंनी मुद्दाम एक चांगली भाकरी तिच्या ताटात ठेवली. आईनं ती उचलून टोपल्यात टाकली, काळी पुढं ओढली आणि शांतपणे जेवायला लागली. भाऊ बघत राहिला. लग्न झाल्यावरही वर्षानुवर्षं आईजवळच राहिलेला तो, आणि त्यानंही तिला जेवताना तेव्हाच पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं गोणी उचलून आत नेऊन ठेवली आणि यमुनाबाईंना विचारलं, अजून काय लागतं तुम्हाला इथं. सामान भरायचं पुन्हा कोणी काढलं नाही. बाजरी मात्र दर महिन्याला चांदवडहून यायला लागली.

आई तिथं साडेतीन वर्षं राहिली, आणि मी अगदी मनापासून सांगतो, सुखात राहिली. मी दर गुरुवारी जायचो, तो माझ्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. भेटायला येणाऱ्यांना बाईंची एकच ताकीद असायची. ओळखलंस का मला, हे विचारायचं नाही. नातेवाईक पायरी चढल्या चढल्या हेच विचारतात, आणि मग उत्तर न आल्यानं दोघंही हिरमुसतात. एका मोठ्या साहेबांनी हे विचारलं तेव्हा बाईंनी त्यांना हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं होतं, की भेटायला आलात की परीक्षा घ्यायला. त्यामुळे मी कधी विचारलं नाही. मी पाहुणा होतो. आई मला आग्रहानं वाढायची, गाव कोणतं म्हणून चौकशी करायची, चांदवड म्हटलं की तिला आनंद व्हायचा. मला तेवढं पुरत होतं. अगदी खरं सांगायचं तर कधी कधी पुरत नव्हतं.

एका गुरुवारी वाटेत गाडी पंक्चर झाली आणि मला पोचायला उशीर झाला. पंगत उठून गेली होती. आता पाहुण्याला वाढायला टेबल मांडायचं कसं, म्हणून मी दारात घुटमळलो. बाईंनी पायानंच तिसरा पाट पुढं सारला. आज आमच्यात बसा म्हणाल्या. त्यांच्या शेवटच्या पंगतीत मी तोवर कधी बसलो नव्हतो. आईचे हात तेव्हा बरेच थकले होते, एकेक घास ती सावकाश घ्यायची. तिच्या ताटात ती काळी भाकरी होती. ती लागते तरी कशी, हे मला कधीचं बघायचं होतं. मी हात पुढं करून तिचा एक तुकडा मोडायला गेलो.

आईनं वर न बघता माझ्या हातावर फटकन चापट मारली. "करपली हाय ती," ती म्हणाली. "ही घे." आणि टोपल्यातली चांगली भाकरी काढून माझ्या ताटात ठेवली. मी घास घेईपर्यंत ती हात आवरून थांबली, आणि मग आपलं जेवायला लागली. हात चांगलाच चुरचुरत होता. मी काहीही विचारलं नाही. बाई खाली मान घालून जेवत होत्या.

आई पुढच्या वर्षी गेली, सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. तेराव्यानंतर बाई आमच्या घरी आल्या, तेच पांढरे बूट घालून, सिटी बसनं. चहात साखर जास्त झाली म्हणाल्या. जाताना त्यांनी पिशवीतून आईच्या दोन वह्या काढून माझ्या हातात दिल्या. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाची वही त्या अशीच घरी पोचवायच्या. आता त्या परत सिन्नरला भाचीकडे असतात, आणि भाचीच्या घरचं वेळापत्रक व्यवस्थित चाललंय असं ऐकतो.

लेबलवर इयत्तेपुढचा कागद खोडून खोडून पातळ झाला होता. आत मी पहिल्यांदा ती 'मुलाला माहीत नाही'ची जुनी ओळ शोधली. ती होती, खोडलेली नव्हती. मग दुसऱ्या वहीत तो गुरुवार शोधला. रोज असायची तशी दोनच वाक्यं होती.

"आज मुलाच्या हातावर चापट मारली. जेवण पूर्ण."